आठ जण, दोन विमानतळ, एक आडनाव

ग्रुप ट्रिप ठरते ती कँटीनमध्ये. कुणीतरी चहाचा घोट घेत म्हणतं, ‘यार, आता जरा बाहेर जाऊ या.’ या ‘बाहेर’चा अर्थ लोणावळा नसून परदेश आहे हे बाकीच्यांच्या डोक्यात शिरेपर्यंत व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार झालेला असतो. ग्रुपला भन्नाट नाव मिळतं, डीपी मिळतो. मग पंधरा जणांचे बारा होतात, बाराचे दहा. कुणाला रजा मिळत नाही, कुणाच्या चुलतभावाचं लग्न निघतं. उरलेले आठ जण बॅगा भरतात.

या आठ जणांना एक गोष्ट कुणीही सांगत नाही. ग्रुप ट्रिपचा पहिला दिवस कॅलेंडरवर असतो, पण ट्रिपमध्ये धरायचा नसतो. त्या दिवशी काहीतरी लोच्या होतोच. परत आलेले लोक आपल्याला तिसऱ्या दिवसाचा समुद्र दाखवतात आणि चौथ्या दिवसाचं शॉपिंग दाखवतात. पहिल्या दिवसाचा फोटो मागा, लगेच विषय बदलतील.

का होतं असं? माझी थिअरी अगदी साधी आहे. एकटा माणूस प्रवासाला निघतो तेव्हा तो सगळं दोनदा तपासतो. आठ जण निघतात तेव्हा प्रत्येकाला वाटतं, बाकीच्या सातांपैकी कुणीतरी तपासलंच असेल. सगळं गृहीत! आणि विमानतळावरच्या काउंटरला गृहीत हा प्रकार मान्य नसतो.

आता ऐका आमची गोष्ट. २०२५ चा १५ ऑगस्ट आला होता शुक्रवारी, त्याला जोडून शनिवार-रविवार, वर सोमवार-मंगळवारची रजा. बँकॉक फायनल! ग्रुपमध्ये कोण कोण, ते नावं न घेता सांगतो, कारण मला याच लोकांबरोबर रोज जेवायचं आहे. एक आमचा ‘एक्सेल’. जगातला कुठलाही प्रश्न शीटमध्ये टाकला की सुटतो, असा त्याचा विश्वास. एक ‘नवी नवरी’, लग्नाला चार महिने झालेली. नवऱ्याला रजा नाही म्हणून आमच्याबरोबर निघालेली. एक ‘जिम’, म्हणजे बारा महिने हाफ पँटमध्ये. एक ‘शुद्ध शाकाहारी’. एक ‘धाकटा’, आठ महिन्यांपूर्वी जॉइन झालेला, सोलापूरकडचा. घरात पासपोर्ट काढणारा हा पहिलाच. त्याचा पासपोर्ट आला तेव्हा आईने म्हणे तो देवापुढे ठेवला होता. सहावा मी. आणि बंगळुरूच्या ऑफिसातले दोघं, एक तो आणि एक ती, ते तिकडूनच परस्पर येणार होते.

गुरुवारी रात्री आम्ही सहा जण मुंबई विमानतळावर पोचलो. सगळे फुल टू मूडमध्ये. सेल्फी झाला. रांगेत नवरीचा नंबर आला. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट पाहिला, स्क्रीन पाहिली, परत पासपोर्ट पाहिला आणि अतिशय गोड आवाजात म्हणाली, ‘मॅडम, हे तिकीट तुमचं नाहीये.’

झालं काय, की तिकिटं काढली एक्सेलने, आणि नावं उचलली ऑफिसच्या मेल लिस्टमधून. लग्नानंतर नवरीने ऑफिसात नवं आडनाव लावलं होतं. पासपोर्ट मात्र माहेरच्या नावाचा.

बघा, मराठी नावाच्या गाडीला तीन डबे असतात. स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. लग्न झालं की बहुतेक मुलींच्या गाडीचे मागचे दोन डबे बदलतात. पासपोर्टला हे काही माहीत नसतं. तिथे दोनच रकाने, सरनेम आणि गिव्हन नेम. वडिलांचं नाव कधी गिव्हन नेममध्ये जाऊन बसतं, कधी बसतच नाही. लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदललंच पाहिजे, असा काही कायदा नाही. जुन्या नावाचा पासपोर्ट चालतो. फक्त तिकीट त्याच नावाचं हवं. स्पेलिंगमधलं एखादं अक्षर चुकलं तर विमान कंपन्या सहसा दुरुस्त करून देतात, तेही आधी सांगितलं तर. पूर्ण आडनाव बदलायचं आणि तेही उड्डाणाच्या अडीच तास आधी, हे अवघड. मॅरेज सर्टिफिकेट? ते सासरी, कपाटात, लग्नाच्या अल्बमखाली.

नवरी म्हणाली, ‘तुम्ही जा रे. मी घरी जाते.’ आवाज अगदी नॉर्मल होता, म्हणूनच सगळ्यांना जास्त लागला. एक्सेल पांढराफटक. जिमने काउंटरवर वाद घालून पाहिला. शेवटी एकच रस्ता उरला, त्याच विमानाचं येण्याजाण्याचं नवीन तिकीट. विमानात जागा होती हे आमचं नशीब. किंमत? २६ हजार!

तेव्हा जे झालं ते मला फार आवडलं होतं. कुणीतरी ग्रुपवर टाकलं, ‘आठ जणांत वाटून घेऊ. प्रत्येकी ३,२५०. कॉन्ट्री!’ खाली धडाधड ‘डन’, ‘डन’, ‘डन’. बंगळुरूहूनही दोन ‘डन’. अगदी सिनेमासारखं. शेवटचं ‘डन’ धाकट्याचं होतं. जरा वेळाने आलं. तेव्हा वाटलं, नेटवर्क नसेल.

विमानात बसलो. चार-साडेचार तासांची झोप आणि पहाटे बँकॉक. थायलंडचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

इमिग्रेशनच्या रांगेत दुसरा अंक. १ मे २०२५ पासून थायलंडने जुन्या कागदी फॉर्मच्या जागी ऑनलाइन अरायव्हल कार्ड आणलं. पोचायच्या आधीच्या तीन दिवसांत ते भरायचं. भरायला एक पैसाही लागत नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर समजायचं, झोल आहे. एक्सेलच्या शीटमध्ये त्याचा रकाना होता आणि आठही नावांपुढे ‘डन’ होतं. शाकाहारीला वाटलं होतं की ‘डन’ म्हणजे एक्सेलने सगळ्यांचं भरून टाकलं. एक्सेलला वाटलं होतं की ‘डन’ म्हणजे ज्याने त्याने आपापलं भरलं. विमानतळाच्या वायफायवर, रांगेच्या बाजूला उभं राहून त्याने ते भरलं. हॉटेलचा पत्ता कुणालाच पाठ नव्हता. वीस मिनिटं गेली.

पण खरी बोंबाबोंब पुढेच होती.

जिमने इंटरनेटवर पाहून भेटायची जागा ठरवली होती. बँकॉकच्या विमानतळावर समुद्रमंथनाचं एक भव्य शिल्प आहे. वासुकीची दोरी, एकीकडे देव, दुसरीकडे दानव, मध्ये मंदार पर्वत. फोटोत सॉलिड दिसतं. ‘पुतळ्यापाशी भेटू’ असा ठराव झाला होता. आम्ही बाहेर आलो, पुतळा कुठेच नाही. बंगळुरूवाल्यांचा मेसेज आला, ‘आम्हालाही पुतळा सापडत नाहीये. आम्ही गेट ६ जवळ उभे आहोत.’ आम्ही गेट ६ जवळ गेलो. ‘आम्ही गेट ६ ला आलो, तुम्ही दिसत नाही.’ ‘आम्ही गेट ६ लाच आहोत!’ मग हात वर करून झाले. लाल छत्री उघडून झाली. फोनवर ‘अरे समोर बघ ना’ असं दोन्हीकडून ओरडून झालं. शेवटी धाकटा हळूच म्हणाला, ‘त्यांना म्हणावं, बोर्डावर विमानतळाचं नाव काय लिहिलंय ते वाचा.’

बोर्डावर लिहिलं होतं डॉन मुआंग.

मंडळी, बँकॉकला दोन विमानतळ आहेत. डॉन मुआंग शहराच्या उत्तरेला, १९१४ पासूनचा, जगातल्या अगदी जुन्या विमानतळांपैकी एक. दुसरा सुवर्णभूमी, शहराच्या पूर्वेला, सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झालेला. नाव थेट संस्कृत, राजे भूमिबोल यांनी ठेवलेलं. पण थाई लोक त्याचा उच्चार करतात सुवन्नाफूम, त्यामुळे टॅक्सीवाल्याला शुद्ध मराठीत ‘सुवर्णभूमी’ म्हणालात तर तो तुमच्याकडे बघतच राहील. स्वस्त तिकिटांची बरीचशी विमानं डॉन मुआंगला उतरतात. दोन विमानतळांच्या मध्ये अख्खं बँकॉक. फुकटची शटल बस आहे, पण ती पुढच्या विमानाचं तिकीट दाखवणाऱ्यांसाठी. आणि समुद्रमंथन? ते सुवर्णभूमीवरच आहे, पण परतीच्या प्रवाशांच्या बाजूला, इमिग्रेशनच्या पलीकडे. म्हणजे येताना ते कुणालाच दिसणार नव्हतं. देव-दानवांनी दोरी ओढून अमृत काढलं. आम्ही दोन विमानतळांवरून अर्धा तास एकमेकांना ओढत होतो आणि निघालं काय, तर बोर्डावरचं नाव.

आठ जणांसाठी बुक केलेल्या व्हॅनमध्ये आम्ही सहा जण ऐसपैस बसलो आणि शुक्रवार सकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो. ते दोघं ३० बाटचं तिकीट काढून ए-वन बसने मो चित स्टेशनपर्यंत आले, तिथून स्कायट्रेन पकडली आणि आमच्या आधी हॉटेलवर पोचून चहा पीत बसले. एक बाट तेव्हा पावणेतीन रुपयांच्या आसपास होता. म्हणजे बसला लागले ऐंशी-पंच्याऐंशी रुपये! व्हॅनचे किती लागले, ते मी इथे छापत नाही.

हॉटेलात सकाळी साडेनऊला आठ जण, आठ बॅगा आणि रिसेप्शनवर एक शांत हसू. रूम दोन वाजता मिळणार. अंघोळ नाही, झोप नाही. बॅगा तिथेच ठेवल्या आणि निघालो ग्रँड पॅलेसला. रामा पहिला या राजाने १७८२ मध्ये राजधानी इथे आणली आणि हा राजवाडा बांधायला घेतला. परदेशी माणसाला तिकीट ५०० बाट. आत जायचं तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. आमचा जिम? हाफ पँट! बॅग हॉटेलात.

तो पँट विकत घ्यायला समोरच्या गल्लीत गेला. सोबतीला शाकाहारी आणि बंगळुरूचा तो. आम्ही म्हटलं, दहा मिनिटांत येतील. गल्लीच्या तोंडाशी त्यांना इस्त्रीचा शर्ट घातलेला एक सभ्य गृहस्थ भेटला. त्याने अगदी आपुलकीने चौकशी केली, कुठून आलात, किती दिवस आहात. मग हळहळून म्हणाला, ‘राजवाडा आता बंद आहे, भिक्खूंचा विधी चालू आहे, एक वाजता उघडेल. तोवर वीस बाटमध्ये टुकटुक तुम्हाला तीन देवळं दाखवेल.’ वीस बाट! तिघं बसले. एक देऊळ झालं. दुसऱ्या देवळाऐवजी रत्नांचं दुकान आलं. तिसऱ्याऐवजी शिंपी. बँकॉकमधला हा खेळ जुना आणि जगप्रसिद्ध आहे; राजवाडा रोज उघडा असतो, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं ऐकू नका, अशा सूचनाही तिथे लावलेल्या असतात. पण सूचना दारापाशी आणि आमचे वीर गल्लीत. ते परत आले तेव्हा तीन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. तिकीटखिडकी साडेतीनला बंद होते. पदरात काय पडलं? जिमच्या अंगावर हत्तींची नक्षी असलेली ढगळ पँट, आणि बंगळुरूवाल्याच्या हातात सुटाची पावती. ॲडव्हान्स भरून झाला होता. असं काही झालं तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५ आहे, हे आम्हाला नंतर कळलं.

आम्ही पाच जण मात्र आत गेलो होतो, आणि त्या दिवसातली सगळ्यात छान गोष्ट तिथेच घडली. आत पाचूच्या बुद्धाचं देऊळ आहे. म्हणायला पाचू, पण मूर्ती हिरव्या जेड दगडाची, जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच. वर्षातून तीनदा, ऋतू बदलला की तिची वस्त्रं बदलतात, आणि ते काम राजाचं. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांमध्ये भिंतभर चित्रं आहेत, एकूण १७८. रामकियन, म्हणजे थायलंडचं रामायण. आम्ही ‘वॉव’ म्हणत फोटो काढत होतो. धाकटा एकेका चित्रापुढे थांबायला लागला. ‘हा सेतू. हा कुंभकर्ण बघा. हे पांढरं माकड म्हणजे मारुती.’ त्याचे आजोबा गावातल्या देवळात पोथी वाचायचे. आठ महिने मीटिंगमध्ये मान खाली घालून बसणारं हे पोरगं तिथे तासभर बोलत होतं आणि आम्ही चौघं ऐकत होतो. मागून एक परदेशी कुटुंबही ऐकायला थांबलं, कळत काही नसताना. थाई रामायणातला हनुमान ब्रह्मचारी नाही, चांगला रंगेल आहे, हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. ‘हे आजोबांना सांगणार नाही,’ म्हणाला.

संध्याकाळी साडेसातला लॉबीत भेटायचं ठरलं. सात जण आले. बंगळुरूची ती नऊ वाजता आली, मस्त झोप काढून, आणि म्हणाली, ‘मी अगदी वेळेवर आहे.’ होतीच! हातातल्या घड्याळाप्रमाणे साडेसातच वाजले होते. फोनची वेळ आपोआप बदलते, मनगटावरच्या काट्यांना रोमिंग नसतं.

तोवर आम्ही समोरच्या खानावळीत बसलो होतो. शाकाहारीने कच्च्या पपईचं सॅलड मागवलं. पपई, शेंगदाणे, मिरची, लिंबू. यात मांसाहार कुठून येणार? आला ना, सुकट आणि फिश सॉसमधून. थाई स्वयंपाकात फिश सॉस म्हणजे आपल्याकडचं मीठ. ‘व्हेज’ म्हटल्यावर ते प्रामाणिकपणे चिकन काढतात आणि फिश सॉस प्रामाणिकपणे घालतात. तिथे शब्द वापरायचा ‘जे’. ‘जे’ म्हणजे मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूध नाही, कांदा-लसूणसुद्धा नाही. थोडक्यात, आपल्या चातुर्मासाचा भाऊ. अशा दुकानांवर पिवळ्या फडक्यावर लाल अक्षरात तो लिहिलेला असतो. बिल आलं तर त्यावर साल होतं २५६८. एक्सेल उडालाच. घाबरू नका, थायलंडमध्ये बुद्ध संवत चालतो. आपल्या सालात ५४३ मिळवायचे.

त्या जेवणाला धाकटा नव्हता. ‘भूक नाही’ म्हणून रूमवर गेला होता. आम्ही दोघं एका रूममध्ये. मी चार्जर न्यायला वर गेलो तर हा पलंगावर रुमाल पसरून धपाटे आणि शेंगाचटणी खात होता. मला बघून एकदम उठला. म्हणाला, ‘दादा, या ना, आईने भरपूर दिलेत.’ मी एक धपाटा घेतला. मग त्याने विचारलं, ‘दादा, ते ३,२५० पुढच्या पगाराला दिले तर चालतील का? तिकिटाचे हप्ते चालू आहेत.’

काउंटरवर आम्हाला वाटलं होतं, नेटवर्क नसेल. नेटवर्क नव्हे, तो हिशेब करत होता. तीन हजार दोनशे पन्नास. आमच्यापैकी पाच जणांना ते एका शनिवारच्या पार्टीचे पैसे. त्याला ते बँकॉकमधल्या चार दिवसांच्या जेवणाचे. आणि सात ‘डन’च्या खाली ‘मला जमणार नाही’ असं लिहायला जी हिंमत लागते, ती नव्या पोराकडे कुठून येणार? दिवसभर आम्ही विमानतळ गृहीत धरला, फॉर्म गृहीत धरला, फिश सॉस गृहीत धरला. त्या सगळ्याचं हसू झालं. हे मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आठही जणांची खिसे सारखेच खोल आहेत, हे आम्ही अगदी प्रेमाने गृहीत धरलं होतं.

खाली आल्यावर मी ते फक्त नवरीच्या कानावर घातलं. ती काही बोलली नाही. रात्री लॉबीत एक्सेलने दिवसाचा हिशेब उघडला, शीटमध्ये पहिलीच ओळ, तिकीट, २६ हजार भागिले आठ. धाकटाही तोवर खाली आला होता. नवरीने लॅपटॉप आपल्याकडे ओढला. म्हणाली, ‘ही ओळ काढ. आडनाव माझं, टायपिंग तुझं. तेरा तुझे, तेरा माझे. तुम्ही सगळ्यांनी विमानतळावर सोडून गेला नाहीत, तेवढं पुरे झालं.’ एक्सेल म्हणाला, ‘मी तेच म्हणणार होतो.’ ओळ उडाली. कुणाचं नाव निघालं नाही, कुणी कुणावर उपकार केला नाही. धाकटा टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत होता. त्याने ते नीट परत चिकटवलं.

मग तिनेच अजून एक प्रस्ताव मांडला. कॉमन खर्च म्हणजे फक्त राहणं, गाडी आणि एक वेळचं साधं जेवण. रूफटॉप, मसाज, सूट शिवणं, हे ज्याचं त्याने. उरलेले चार दिवस तसंच चाललं. धाकटा चारही दिवस आमच्याबरोबर जेवला. धपाटे दुसऱ्याच दिवशी संपले, कारण ते जिमने संपवले.

तर, तुमचीही ट्रिप शिजत असेल कँटीनमध्ये. काही गोष्टी आजच करून टाका.

नावं मेल लिस्टमधून घेऊ नका. प्रत्येकाच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागवा आणि अक्षरन् अक्षर तसंच टाइप करा. पैसे भरायच्या आधी ज्याचं त्याला वाचायला लावा.

शहराच्या नावावर जाऊ नका, विमानतळाचं नाव बघा. दोन ठिकाणांहून लोक येणार असतील तर भेटायची जागा एकच, हॉटेलची लॉबी.

शीटमध्ये ‘डन’ लिहू नका. कुणी केलं त्याचं नाव लिहा.

हॉटेलचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर, आठ जणांच्या आठ खिशांत. पॉवर बँक हँडबॅगेत, चेक-इन बॅगेत चालत नाही. एक फुल पँट हाताशी.

पहिल्या दिवशी तिकीट काढून बघायचं काहीही ठेवू नका. अंघोळ, जेवण, एक चक्कर, झोप. आणि ‘चूक कुणाची’ ही चर्चा दुसऱ्या दिवशीच्या नाश्त्यापर्यंत बंद. उपाशी आणि पारोशा माणसांनी न्यायनिवाडा करू नये.

पैशांची गोष्ट मात्र तिकिटाच्याही आधी. ‘बजेट किती?’ हा प्रश्न ग्रुपवर विचारू नका, तिथे सगळे श्रीमंत असतात. एकाने प्रत्येकाला वेगळं विचारायचं, आणि सगळ्यात छोटा आकडा आला की तोच ट्रिपचा आकडा. कुणाचा आहे ते सांगायचं नाही. ज्याला जास्त उडवायचेत त्याला कोण अडवतंय?

आणि गुलाबी मूडमध्ये कुणी ग्रुपवर ‘सगळ्यांनी कॉन्ट्री’ असं टाकलं, तर पहिल्या ‘डन’वर टाळ्या वाजवा हवं तर. पण शेवटच्या ‘डन’ला किती वेळ लागला, तेवढं जरा बघा.